सलग साठ वेळा हिरवा

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग सुटल्यासारखं वाटतं. पोलीस खात्यातल्या इतक्या वर्षांत अशा आठवणी थोड्याच. गुन्हा उघडकीस आला तरी कुणाच्या तरी घरी त्या दिवशी चूल पेटत नाही आणि ते आम्हाला बघावं लागतं. या गुन्ह्यात मात्र एक मुलगा अगदी काठावरून परत आला. त्याला काठापर्यंत नेणारे आम्हीच होतो, म्हणून त्याचं परत येणं मला जास्त लक्षात राहिलं.

मी तेव्हा चाकण पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत शेतापेक्षा शेड जास्त. शिफ्ट सुटली की रस्त्यावर बसच बस, आणि त्या वेळेला अपघाताचा फोन आला नाही तर ठाणे अंमलदाराला चुकल्यासारखं वाटायचं. हद्दीतल्या एका मोठ्या कारखान्यात कामगारांच्या फाटकावर एक पेटी बसवलेली होती. अशा पेट्या आता बऱ्याच ठिकाणी असतात. बाहेर पडताना कार्ड टेकवायचं आणि बटण दाबायचं. हिरवा दिवा लागला तर सरळ बाहेर, लाल लागला तर बाजूला होऊन झडती द्यायची. लाल कुणाला द्यायचा ते यंत्र ठरवतं, रखवालदाराच्या हातात काही नसतं. त्यामुळे ‘माझीच झडती का’ हे भांडण राहत नाही.

यंत्र असं लावलेलं होतं की दहांत साधारण एकाला लाल लागावा. साधारण म्हणजे दर दहावा माणूस असं नव्हे. लागोपाठ दोघांना लागू शकतो, आणि कधी पंचवीस जण गेले तरी कुणालाच लागत नाही. मागे काय झालं हे यंत्राला माहीत नसतं. ते कामगारांना माहीत असतं आणि सगळा घोळ तिथेच सुरू होतो. एकाला लाल लागला की त्याच्या पाठीमागे उभं राहायला ढकलाढकली व्हायची, कारण आता लगेच पुन्हा लागणार नाही असा सगळ्यांचा हिशेब. कुणी बटण दाबण्याआधी गळ्यातल्या माळेला हात लावायचा. चोरीची भीती कुणालाच नव्हती. भीती बसची होती. झडतीत पाच-सात मिनिटं जायची आणि कंपनीची बस कुणासाठी थांबायची नाही. दिघीची बस चुकली की दोनदा रिक्षा बदलून घर गाठावं लागे.

त्या कारखान्यातून इन्सर्टच्या डब्या चोरीला जाऊ लागल्या. इन्सर्ट म्हणजे लेथवर लोखंड कापायच्या हत्याराच्या टोकाला लावायचा अतिशय कठीण धातूचा तुकडा. नखाएवढा असतो, पण किमती असतो आणि बाजारात कुणीही डोळे मिटून घेतो. कित्येक महिने थोड्या थोड्या डब्या जात होत्या. कंपनीने फिर्याद दिली, अज्ञात चोरट्याविरुद्ध गुन्हा दाखल झाला. तपास पथकाने भोसरीपर्यंतची भंगाराची दुकानं पालथी घातली. हाती काही लागलं नाही.

अशात एका सकाळी ठाण्यात एक गृहस्थ आले. कारखान्याचं भंगार उचलणाऱ्या ठेकेदाराचे ते मुकादम. जवळच्याच जुन्या गावातले, पन्नाशीचे, पांढरा शर्ट, बोलायला गोड. गणपतीत आणि यात्रेत आमच्या बंदोबस्ताला पाणी-नाश्त्याची सोय करणारे, त्यामुळे ठाण्यात त्यांना सगळे ओळखत. मी चहा मागवला. चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, “साहेब, आमी इथलेच. कंपनी बुडाली तर आमच्या पोटावर पाय. म्हनून सांगतो. त्या उदगीरकडच्या पोराला कदी लालच लागत न्हाई. सगळ्या कंपनीला ठावं हाय. आता तुमीच बगा.”

खबर अशीच येते. कुणाचंतरी भलं करायला निघालेला माणूस ती घेऊन येतो, आणि त्याचा स्वतःचा काय फायदा हे आपण त्याच वेळी विचारायला हवं. मी विचारलं नाही असं नाही, पण उत्तर पटण्यासारखं होतं. कारखाना नीट चालला तर भंगार निघणार, भंगार निघालं तर मुकादमाचं घर चालणार.

कंपनीकडे चौकशी केली. कार्ड टेकवूनच बटण दाबायचं असल्याने कुणाला किती वेळा लाल लागला हे संगणकात होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांचे मनुष्यबळ विभागाचे मॅनेजर लॅपटॉप घेऊन हजर झाले. हुशार, तरुण, बोलण्यात ठाम. म्हणाले, “साहेब, मागच्या साठही वेळा हिरवा. सलग. एकदा हिरवा लागायची शक्यता दहांत नऊ. दोनदा सलग म्हणजे नऊ दशांश गुणिले नऊ दशांश. असं साठ वेळा गुणलं की उत्तर येतं जवळजवळ साडेपाचशेत एक. म्हणजे हा मुलगा निर्दोष असण्याची शक्यता साडेपाचशेत एक आहे. अजून काय पाहिजे तुम्हाला?”

मी गुणाकार करून पाहिला. बरोबर होता. वरिष्ठांच्या कानावर घातलं. तिकडे आधीच कंपनीवाल्यांचे फोन गेलेले. “इतकं स्पष्ट आहे तर थांबलाय कशाला? उचला आणि विचारा,” असा निरोप आला. यंत्र बसवणाऱ्यांचा माणूस बोलावून पेटी उघडून घेतली. यंत्र ठणठणीत होतं. त्यावर कारखान्यात बातमी पसरली की पोरगा खिशात लोहचुंबक घेऊन येतो.

मुलाला नोटीस देऊन चौकशीला बोलावलं. तेवीस-चोवीस वर्षांचा, अंगाने किरकोळ, डोक्याला तेल. मशिनवर ऑपरेटर होता, शिकाऊ मुदत संपत आलेली आणि कायम करण्याचं पत्र त्या महिन्यात मिळणार होतं. दिघीत थोरल्या भावाजवळ राहायचा. माझी पद्धत अशी, की पहिल्यांदा माणसाला त्याच्या कामाबद्दल बोलतं करायचं. कामाबद्दल माणूस खरं बोलतो, आणि खरं बोलताना तो कसा दिसतो ते कळलं की पुढे खोटं ओळखायला सोपं जातं. या मुलाने मात्र मला ती संधीच दिली नाही. खुर्चीवर टेकला, पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला आणि मी काही विचारायच्या आत बोलायला लागला.

“साहेब, चुकलं माझं,” तो म्हणाला. “म्या कंपनीला फसविलं.”

जबाब लिहायला बसलेल्या हवालदाराचं पेन थांबलं. हा हवालदार दिघीच्या जुन्या शेतकरी घराण्यातला, सुटलेल्या पोटाचा, आणि आयुष्यभर कबुलीजबाब ऐकून कान तयार झालेला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की झालं साहेब, जेवायला मोकळे.

“कसं फसवलंस?” मी विचारलं.

“करंगळीनं.”

“काय?”

“करंगळीनं, साहेब. सगळेजण अंगठ्यानं बटण दाबतेत. म्या करंगळीनं दाबतो. एकदा अंगठ्याला कापलं होतं, पट्टी होती, म्हणून करंगळीनं दाबलं तर हिरवा लागला. दुसऱ्या दिवशीबी हिरवा. मग म्या तसंच चालू ठेवलं. तवापासून मला लाल लागलाच नाही.” तो मान खाली घालून बोलत होता. “लोकं माझ्या मागं रांगेत उभं राहतेत. काही जणांना म्या सांगितलंबी, ते बी करंगळीनं दाबतेत आता. पण मशिनला फसविलं म्हणजे कंपनीलाच फसविलं की साहेब. मला वाटलंच होतं एक दिवस कळणार.”

हवालदाराने पेन खाली ठेवलं. “लेका, आनि डब्या?” त्याने विचारलं.

“कसल्या डब्या?” मुलगा म्हणाला.

मी आयुष्यात पुष्कळ नाटकं पाहिली. रडणारे पाहिले, देवाची शपथ घेणारे पाहिले, ऐनवेळी छातीत कळ आणणारे पाहिले. करंगळीचा गुन्हा कबूल करणारा पहिलाच. मला आतून वाटलं की हा चोर नाही. पण अधिकाऱ्याला आतून काय वाटतं ते कागदावर लिहिता येत नाही, आणि आतून वाटलेलं माझं दोन-चारदा सपशेल चुकलेलंही होतं. पंचांसमक्ष त्याच्या खोलीची झडती घेतली. कपडे, गॅसची शेगडी, घरून आलेला लाडवांचा डबा, एवढंच निघालं. मॅनेजर म्हणाले, माल विकून मोकळा झाला असेल. साडेपाचशेत एक हा आकडा ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

दिवसभर त्याचा थोरला भाऊ ठाण्याच्या बाकावर बसून होता. मालवाहू टेंपो चालवायचा. संध्याकाळी मी बाहेर पडताना तो उठला आणि हात जोडून म्हणाला, “साहेब, त्यानं चोरी केली असंल तर म्याच त्याला तुमच्यापुढं आणून बशिवतो. पण खात्री झाल्याबिगर नाव नका लावू. इथं प्रत्येक कंपनी पोलिसाचा दाखला मागती. एकदा नाव लागलं की कोणत्या गेटातून आत घेतील त्याला? कंपनीनं आजच कामावर येऊ नको म्हणून सांगितलंय.”

त्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. चारित्र्य पडताळणीचे ते दाखले माझ्याच ठाण्यातून जायचे. नावापुढे गुन्हा दाखल असलेल्या माणसाला या पट्ट्यात झाडू मारायलाही घेत नाहीत, पुढे न्यायालयाने निर्दोष सोडलं तरी. मी मुलाला उद्या पुन्हा हजर राहायला सांगून सोडलं. वरिष्ठांना फोन करून म्हटलं, उद्या दुपारपर्यंत मला वेळ द्या. ते नाखुशीनेच हो म्हणाले.

तेव्हा आम्ही पिंपळे सौदागरला राहत होतो आणि माझी पत्नी ताथवड्याच्या एका कॉलेजात गणित शिकवायची. ठाण्यातलं घरी बोलायचं नाही हा माझा नियम, पण तो ती चेहरा बघून रोज मोडायची. मी चहा घेत सगळं सांगितलं. ती मटार सोलत ऐकत होती.

“त्या मॅनेजरांचा गुणाकार बरोबर आहे,” ती म्हणाली. “प्रश्न चुकलाय. रोज किती माणसं ते बटण दाबतात?”

“तिन्ही शिफ्ट मिळून सहाशेच्या आसपास.”

“आणि हे असं साठ वेळा सलग हिरवं होण्याची गोष्ट साडेपाचशेत एकाला घडते. मग सहाशे माणसांत ती किती जणांना घडेल?”

मी म्हटलं, “एखाद्याला.”

“अहो, मग तो एखादा सापडला! एवढंच झालंय. त्याला पकडून काय करणार?”

मी कप खाली ठेवला. ती म्हणाली, “नीट ऐका. या मुलाचं नाव आधी चिठ्ठीवर लिहून पाकिटात घातलं असतं, आणि त्यानंतर त्याला साठ वेळा हिरवा लागला असता, तर मी पण म्हटलं असतं की काहीतरी गडबड आहे. इथे उलटं झालंय. आधी सहाशे जणांतून सगळ्यांत नशीबवान माणूस शोधून काढला आणि मग विचारताहेत, हा इतका नशीबवान कसा? कुणीतरी असणारच होता. तो हा निघाला.” मग हात पुसून तिने मोबाइलवर काहीतरी गुणलं. “सहाशेत असा निदान एक तरी निघेल, याची शक्यता तिनात दोन. म्हणजे न निघता तरच जरा नवल.”

“पण तो चोर नाही असं यावरून सिद्ध होतं का?”

“नाही. तो चोर आहे की नाही, याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. बाकीच्या सहाशे जणांवर जितका संशय, तितकाच याच्यावर. आता मटार सोलायला बसा.”

मी बसलो. बऱ्याच दिवसांनी हात हलके वाटले.

पण हे मला कळलं म्हणून वरिष्ठांना आणि मॅनेजरना कळेल असं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीला मी मॅनेजरना मुद्दाम बोलावलं. आवारात तीसएक कर्मचारी उभे होते. मी म्हटलं, प्रत्येकाने खिशातून एक नाणं काढा. ऑनलाइनच्या जमान्यात निम्म्यांच्या खिशात नाणंच निघालं नाही, समोरच्या टपरीवरून आणावी लागली. मग सांगितलं, सगळ्यांनी एकदम उडवायचं, छापा आला तो उभा राहील, काटा आला तो खाली बसेल.

पहिल्या फेरीत निम्मे बसले. दुसऱ्या फेरीत उरलेल्यातले निम्मे. तिसऱ्या फेरीपर्यंत हसाहशी सुरू झाली होती. चौथ्या फेरीनंतर आमचे तेच हवालदार आणि आणखी एक पोलीस शिपाई असे दोघेच उभे. आता हवालदार नाणं उडवण्याआधी त्यावर फुंकर मारायला लागले.

“हे काय?” मी विचारलं.

“मगापासनं मारतोय साहेब, म्हनून तर छापा येतोय,” ते म्हणाले. “हाताला गुन हाय माज्या.”

पाचव्या फेरीत शिपाई बसला. हवालदार एकटेच उभे राहिले, पोट पुढे काढून, सगळ्यांकडे विजयाने बघत. टाळ्या पडल्या. मी मॅनेजरकडे वळलो. “एका माणसाला सलग पाच वेळा छापा येण्याची शक्यता बत्तिसात एक. बत्तिसातल्या एकतीस वेळा हे घडत नाही. तर मग माझे हवालदार नाण्याशी लबाडी करताहेत असं समजून त्यांना आत टाकू का?”

मॅनेजरनी एकट्या उभ्या हवालदारांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “कुणीतरी उरणारच होतं.” हुशार होते, एकदा दिसल्यावर लगेच दिसलं. त्यांनी वाद वाढवला नाही, त्याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटलं. हवालदारांना मात्र पटलं नाही. दिवसभर ते आपलं नाणं वरच्या खिशात वेगळं ठेवून हिंडत होते.

मुलगा सुटला, पण डब्या कुठे होत्या? इथून पुढचं गणिताचं काम नव्हतं, माझ्या धंद्याचं होतं. चोर धाडसी असतो हा लोकांचा समज. नेहमी चोरी करणारा माणूस भलताच भित्रा असतो, म्हणून तर तो बरेच दिवस टिकतो. रोज दहांत एक वेळा पकडले जाण्याचा धोका आहे, आणि नशीब आपल्या हातात नाही, हे माहीत असलेला माणूस महिनोन्‌महिने त्या फाटकातून खिशात डब्या घालून जाईल? दोन-तीनदा जाईल. पुढे कधी ना कधी लाल लागणारच. इतक्या दिवसांत झडतीत एकही डबी सापडलेली नव्हती. याचा अर्थ माल त्या फाटकातून जातच नव्हता.

मी मॅनेजरना विचारलं, “तुमच्याकडे बटण कोण दाबत नाही?”

“सगळे दाबतात. मीसुद्धा दाबतो. कँटीनवाले दाबतात. फक्त मालाच्या फाटकावर पेटी नाही. तिथून ट्रक जातात, त्यांची कागदपत्रं बघतात. आणि भंगाराचा टेंपो, त्याचं काट्यावर वजन होतं.”

“टेंपोत काय असतं?”

“लोखंडाचा कीस. मशिनमधून निघतो तो. तेलकट, धारदार असतो. वरून बघून सोडतात. त्यात हात कोण घालणार? बोटं कापतील.”

मी हवालदाराकडे पाहिलं, हवालदाराने माझ्याकडे. दोघांनाही एकाच वेळी मुकादमांसाठी मागवलेला तो चहाचा कप आठवला. ज्याला लाल लागत नाही त्याच्या मागे आम्ही सगळे लागलो होतो, आणि ज्याला बटणच दाबावं लागत नाही तो माणूस माझ्या टेबलासमोर बसून ही खबर देऊन गेला होता.

भंगार उचलायची पुढची खेप दुपारची होती. दोन पंच बरोबर घेतले. टेंपो नेहमीप्रमाणे काट्यावर चढू दिला, फाटकातून बाहेर येऊ दिला आणि वळणापलीकडे थांबवला. रस्त्याच्या कडेला ताडपत्री अंथरून, जाड हातमोजे घालून कीस उतरवायला लावला. अर्धा टेंपो रिकामा होईपर्यंत काही नाही. तळाला तेलकट चिंध्यांत गुंडाळलेली एक पिशवी लागली. उघडली तर डब्याच डब्या, सील न फोडलेल्या. पंचनामा झाला, मुद्देमाल जप्त झाला.

मुकादमांना ठाण्यात आणलं. त्याच खुर्चीवर बसवलं. मी विचारलं, “चहा सांगू?”

“नको साहेब,” ते म्हणाले. आवाज फार बारीक झाला होता.

विचारपूस लांबली नाही. टूल स्टोअरमधला एक जण डब्या बाजूला काढायचा आणि किसाच्या पिंपात टाकायचा, पुढची वाट यांची. फिर्याद झाल्यावर भंगाराच्या टेंपोची कसून तपासणी होणार अशी कुणकुण लागली आणि सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे वळवायचं त्यांनी ठरवलं. मुलाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, “त्याचा कायबी संबंद न्हाई. सगळे त्याच्याच नशिबाचं बोलत व्हते, म्हनून त्याचं नाव घेतलं.” हे त्यांच्या जबाबात मी मुद्दाम ओळ न गाळता लिहून घेतलं.

मुलाला आणि भावाला बोलावून सांगितलं. भाऊ भिंतीला टेकून तसाच खाली बसला आणि डोळ्यांवर रुमाल धरला. मला इतकं मोकळं वाटलं, की मी त्या दोघांसाठी नाश्ता मागवला आणि पैसे हवालदाराने दिले. तयार करून ठेवलेला अटकेचा कागद अजून माझ्या खणात होता. तो मी फाडून टोपलीत टाकला. मुलगा मात्र विचारात होता. शेवटी म्हणाला, “साहेब, मग करंगळीचं काय?”

“करंगळीत काही नाही रे.”

त्याला सुटल्याचा आनंद झाला होता, पण हे ऐकून तो जरासा हिरमुसलाच.

कंपनीने त्याला परत कामावर घेतलं. त्याच्या पहिल्या दिवशी पुरवणी जबाबांसाठी मी कारखान्यातच होतो. पाळी सुटायच्या वेळेला मुद्दाम फाटकाजवळ थांबलो. रांग पुढे सरकत होती. त्याची पाळी आली तशी मागची कुजबुज थांबली. त्याने कार्ड टेकवलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि सगळ्यांना दिसेल असा, अख्खा अंगठा बटणावर दाबला.

हिरवा.

कुणी हललं नाही. तो स्वतःच हलेना. चेहरा असा, की आता पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू होणार. रखवालदार माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, “हिरवा म्हणजे हिरवा. जाऊ दे त्याला, बस निघेल.”

मागून कुणीतरी ओरडलं, “पळ भावा, दिघीची लागलीय!” आणि सगळी रांग हसली. तो पळाला. पळता पळता त्याने मागे वळून हात केला. हवालदाराला माझा चेहरा दिसू नये म्हणून मी पेटीकडे बघत राहिलो.

या गुन्ह्याने मला एक सवय लावली. नंतर ज्या ज्या वेळी कुणी येऊन म्हणालं, ‘साहेब, हा योगायोग असूच शकत नाही’, त्या त्या वेळी मी विचारलं की तुम्ही किती जणांत शोधलंत, आणि नाव आधी काढलंत की मागाहून. एकाच माणसाच्या वाट्याला एखादी दुर्मीळ गोष्ट आली की आपल्याला ती त्याची करणी वाटते. हजारोंच्या वस्तीत दुर्मीळ गोष्टी रोज कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतात, आणि त्या माणसाने काही केलेलं नसतं. पोलिसाने संशय घ्यावा, तो घेतलाच पाहिजे, पण नशिबाचा पुरावा करू नये. माझ्या हाताखाली आलेल्या नव्या अधिकाऱ्यांना मी हे सांगत आलो, आणि बरोबर हवालदारांच्या फुंकरीची गोष्टही.

त्यानंतर काही आठवड्यांनी, एका दुपारी ठाण्यात माझ्यासाठी फोन आला. पलीकडे बसच्या हॉर्नचा आवाज आणि धापा टाकणारा मुलगा.

“साहेब, लागला! आज लागला!”

“काय लागलं? कोण बोलतंय?”

“म्या बोलतोय साहेब, करंगळीवाला. लाल लागला! बाजूला घेतलं, सगळी झडती घेतली, डबापण उघडून बघितला. काही निघालं नाही!” तो हसत होता. मागे आणखी चार-पाच जण हसत होते.

“अरे वा,” मी म्हटलं. “आणि बस?”

“गेली की साहेब,” तो म्हणाला. “जाऊ दे.”